जिवंत सोडलेला पुढे कुठे जातो?

टोरिएल माझ्या हातून मेली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. घरात मी एकटी होते. दिवा मालवलेला, लॅपटॉप मांडीवर. स्क्रीनवर जांभळ्या झग्यातली, शेळीच्या तोंडाची ती मायाळू बाई गुडघ्यांवर आली, दोन शब्द बोलली आणि तिची धूळ झाली. मी कीबोर्डवरचे हात उचलून बाजूला घेतले. तिला मारायचं माझ्या मनातही नव्हतं.

'अंडरटेल' खेळलेल्या पुष्कळ जणांच्या बाबतीत असंच झालंय, हे मला नंतर कळलं. २०१५ साली आलेला हा छोटासा रोल-प्लेइंग (एखादं पात्र होऊन खेळायचा) गेम टोबी फॉक्स नावाच्या एका तरुणाने जवळजवळ एकट्याने केला. आपण एक लहान मूल असतो. डोंगरातल्या भगदाडातून राक्षसांच्या भूमिगत जगात पडतो, आणि तिथे पहिल्यांदा आपल्याला जवळ घेते ती टोरिएल. काट्यांच्या वाटेवरून ती हात धरून नेते. एक कापडी बाहुला पुढे ठेवून शिकवते, की कुणी अंगावर आलं तर त्याच्याशी गप्पा मारत राहा, तेवढ्यात मी येऊन भांडण सोडवते. घरी नेऊन आपल्यासाठी गोड पाई भाजते. मग आपल्याला तिथून बाहेर पडायचं असतं आणि ती दार अडवून उभी राहते. बाहेर गेलास तर ते तुला मारतील, म्हणते.

प्रत्येक लढाईत खाली चार बटणं असतात: लढ, काहीतरी कर, सामान, दया. एव्हाना भेटलेल्या बेडकांशी, भुताशी मी बोलले होते. एखाद्याची स्तुती केली, एखाद्याला हसवलं, की त्याचं नाव पिवळं व्हायचं, आणि मग दयेचं बटण दाबलं की तो आपल्या वाटेने निघून जायचा. टोरिएलशी बोलून काही होईना. काय बोलावं तेच सुचत नाही, असं गेमच सांगत होता. तेव्हा मी ठरवलं, हिला आधी थोडं दमवू. आयुष्याची पट्टी बरीच खाली आली की सोडून देऊ. एक फटका, दुसरा, तिसरा. पट्टी खाली येत होती, मी मनात हिशेब करत होते, अजून एक, फार तर दोन. आणि तो एक फटका सगळी पट्टी घेऊन गेला. गेमची रचनाच तशी आहे. ती अशक्त झाली की पुढचा वार कित्येक पटींनी लागतो. तिला अर्धमेली करून मग दया दाखवू म्हणणाऱ्यासाठी तिथे वाटच ठेवलेली नाही.

ही दमवायची सवय मला कुठून लागली याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, पोकेमॉनपासून. शाळेतून आल्यावर टीव्हीवर लागायचं ते, आणि पुढे गेम खेळले तेही. १९९६ पासून त्या गेममध्ये रीत हीच: समोरच्या जनावराला हाणून हाणून दमवायचं, पण पूर्ण आडवं करायचं नाही, आणि मग चेंडू फेकून पकडायचं. 'फॉल्स स्वाइप' नावाचा एक वार तर असा आहे, की कितीही जोरात बसला तरी समोरच्याचा एक गुण जीव शिल्लक ठेवतोच. त्या जगात लढाईत हरलेलं कुणी मरत नाही, मूर्च्छा येते फक्त. उचलून दवाखान्यात नेलं की पुन्हा टवटवीत. आमच्या हुतूतूसारखं. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसायचा, आणि आपल्या बाजूने समोरचा एक मारला की 'उठला रे उठला' करत परत मैदानात यायचा. 'मेला' आणि 'जिवंत झाला' हे शब्द आम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरत असू. त्या खेळात ते बरोबरच आहे. पण त्यातून हात असा तयार झाला, की आधी मारायचं आणि उरलेल्या जिवावर उदार व्हायचं, हीच मला दया वाटू लागली.

मी जुनी सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडली आणि पुन्हा त्या दारापाशी गेले. या वेळी फक्त दयेचं बटण. टोरिएल आगीचे लोळ फेकत होती, मी माझं लहानसं लाल हृदय चौकटीत इकडून तिकडे पळवत होते. आधी ती काहीच बोलत नव्हती, नुसती टिंबं. पुन्हा दया. पुन्हा आग. दहा वेळा झालं असेल, पंधरा वेळा झालं असेल. माझा जीव अगदी काठावर आला तेव्हा मला दिसलं, की तिच्या ज्वाळा आता माझ्या बाजूबाजूने जातायत. ती नेम चुकवत होती. मुद्दाम. शेवटी ती थांबली, समजावू लागली, आणि मला पोटाशी धरून वाट मोकळी केली.

पुढच्याच खोलीत फ्लाउई नावाचं फूल उभं होतं. त्याने सांगितलं, तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. आधी तिला मारलंस, मग पस्तावा झाला म्हणून मागे गेलीस.

माझ्या अंगावर काटा आला. झालेलं पुसलं गेलं होतं, टोरिएल जिवंत होती, पण त्या जगात कुणीतरी ते लक्षात ठेवलं होतं.

त्या रात्रीनंतर मी गेमकडे एकच प्रश्न घेऊन जाते. मारल्याशिवाय पुढे जाता येतं का, एवढ्याने माझं समाधान होत नाही. ज्याला मी जिवंत सोडलं, तो पुढे कुठे जातो? त्याच्यासाठी या जगात जागा आहे का?

हा प्रश्न गेमइतकाच जुना आहे. सगळ्या रोल-प्लेइंग गेमचं मूळ ज्या टेबलावरच्या खेळात, त्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७४ च्या पहिल्या नियमांत ड्रॅगनला न मारता नमवायचा नियम होता. मारण्याऐवजी नमवण्यासाठी वार करतोय असं आधी सांगायचं. ड्रॅगन शरण आला की त्याला बांधून नेता यायचं, विकताही यायचं. विकायचं म्हणजे काही फार थोर करुणा नव्हे, पण तो जिवंत राहायचा आणि गोष्टीत त्याचं पुढे काहीतरी व्हायचं. राक्षस समोर आला की तो चिडलाय, की घाबरलाय, की बोलायला तयार आहे, यासाठी आधी फासे टाकायचे. धीर सुटला तर तो पळून जायचा. आणि अनुभवाचे गुण गुहेतून आणलेल्या सोन्याचेही मिळायचे. म्हणजे लढाई टाळणं हाही तिथे शहाणपणा असू शकायचा.

टेबलावर खेळ चालवणारा माणूस असतो. त्याला पळालेला राक्षस पुढच्या आठवड्यात परत आणता येतो, त्याच्या तोंडी चार वाक्यं घालता येतात. कॉम्प्युटरला ते जमणं अवघड होतं. त्याला मोजता येत होतं: किती मारले, किती गुण, कितवी लेव्हल. त्या मोजणीतून पुढचे कित्येक गेम घडले. मेलेल्याचं पुढे काही लिहावं लागत नाही, आणि जिवंत सोडलेल्या प्रत्येकासाठी कुणीतरी बसून लिहावं लागतं, हे त्यामागचं अगदी साधं कारण असावं असं मला वाटतं.

तरी १९८५ सालीच रिचर्ड गॅरियटने 'अल्टिमा ४' केला. आधीच्या खेळांत लोक चोरी करून, निरपराधांना मारून जिंकतात हे पाहून तो अस्वस्थ झाला होता. या खेळात शेवटी मारायला कुणी मोठा खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता अशा आठ गुणांत पूर्ण होणं हे खेळाचं ध्येय, आणि त्या पूर्णत्वाला त्याने नाव दिलं ते आपल्याकडून घेतलेलं: अवतार. दुष्ट नसलेलं एखादं जनावर अंगावर आलं आणि मग पळू लागलं, तर त्याचा पाठलाग करायचा नाही. औषधी मुळ्या विकणारी बाई आंधळी आहे, पैसे किती द्यायचे ते तुम्हीच टाकायचे. कुणी हटकत नाही, पण कमी दिले तर खेळ ते मनात ठेवतो. लहानपणी दशावतारांच्या गोष्टी ऐकलेल्या मला हे वाचून फार वेगळं वाटलं. आपल्या गोष्टींतले बरेचसे अवतार कुणाला तरी मारायला येतात. इथला अवतार पळणाऱ्याला पळू देण्याने घडतो.

या सगळ्यात 'बेशुद्ध करणे' हा जो मधला मार्ग आहे, त्याच्याबद्दल माझं मत एका प्रसंगानंतर पार बदललं.

'डेअस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन' हा २०११ चा गेम मी अभिमानाने एकालाही न मारता खेळत होते. पहारेकऱ्याच्या मागून जायचं, एक बटण दाबायचं, नायक कोपराने त्याला आडवा करतो. मारण्यापेक्षा याचे गुण जास्त मिळतात. मग त्याला ओढत नेऊन कोपऱ्यात लपवायचं, कारण दुसऱ्या पहारेकऱ्याला तो दिसला तर तो त्याला हलवून उठवतो. माझा भाचा तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आला होता, नऊ वर्षांचा. शेजारी बसून चकली खात बघत होता. एका खोलीत मी सात जण ओळीने निजवले. त्याने विचारलं, "आत्या, हे झोपलेत की मेलेत?"

"बेशुद्ध आहेत."

"मग उठणार कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. कुणी येऊन हलवलं नाही तर ते तसेच राहणार होते. मी ते शहर सोडून दुसऱ्या देशात जाणार होते आणि त्या सात जणांसाठी सकाळ होणारच नव्हती.

त्यानंतर दोनच महिन्यांनी सांगलीहून दादाचा फोन आला, बाबा स्कूटरवरून पडले. चार-पाच मिनिटं शुद्ध नव्हती. मी पोहोचले तोवर ते बोलत होते, पण डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तेच विचारलं: नक्की किती वेळ शुद्ध नव्हती? उलटी झाली का? शुद्धीवर आल्यावर स्वतःचं नाव सांगितलं का? डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रात्रभर नर्स दर तासाने उठवून विचारत होती, "काका, आज वार कोणता?" तिसऱ्या वेळेला बाबा चिडले आणि मला फार बरं वाटलं, कारण ते चिडणं त्यांचं नेहमीचं होतं. ते पूर्ण बरे झाले. पण ती दुपार त्यांना अजून आठवत नाही, आणि पुढचे काही आठवडे गर्दीचा आवाज सहन व्हायचा नाही.

पुण्याला परतल्यावर मी तो गेम उघडला. नायकाने एका पहारेकऱ्याच्या डोक्यावर वार केला, तो कोसळला, आणि माझ्या तोंडून शब्द आले, किती वेळ? मी गेम बंद केला. डोक्याला मार लागून शुद्ध जाणं ही झोप नसते. त्या माणसाला दर तासाला उठवून वार विचारायला कुणीतरी लागतं.

त्याच गेममध्ये ठरावीक ठिकाणी मोठे शत्रू येतात आणि त्यांना मारल्याशिवाय पुढचं दारच उघडत नाही. या लढाया दुसऱ्या कंपनीकडून करून घेतल्या होत्या. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत लढायच्या नव्या पद्धती आल्या, पण ते मरतात ते मरतातच. आणि तरीही कुणालाही न मारल्याचं बक्षीस तुम्हाला मिळतं, कारण ते मोजायचे नाहीत असं ठरवलेलं आहे. हिशेबातून माणूस असा वगळता येतो, हे मला आवडलं नाही.

'डिसऑनर्ड'मध्ये तर याहून वाईट आहे. २०१२ चा गेम, काटेकोरपणे रोल-प्लेइंग म्हणता येणार नाही, पण घराणं तेच. जितकी माणसं माराल तितके शहरात उंदीर वाढतात, रोग वाढतो, शेवट काळवंडतो. ही कल्पना मला मनापासून आवडते. पण त्यात मुखवट्यांच्या मेजवानीतल्या लेडी बॉइलचा प्रसंग येतो. तिला मारायचं नसेल तर तिच्यामागे वेडा झालेला एक सरदार म्हणतो, तिला बेशुद्ध करून तळघरात माझ्या होडीपाशी आणून दे, ती पुन्हा कुणाला दिसणार नाही. मी तिला खांद्यावर टाकून त्याच्या स्वाधीन केलं. आज ना उद्या ती माझ्यावर प्रेम करायला शिकेल, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला आणि होडी अंधारात गेली. गेमच्या हिशेबात माझे हात स्वच्छ राहिले. एका बाईला बेशुद्ध करून तिच्यामागे लागलेल्या पुरुषाच्या हातात दिलं, आणि त्याला दया म्हटलं गेलं. बाई म्हणून मला तो प्रसंग विसरता येत नाही. मी पुन्हा कधीही तो गेम त्या वाटेने खेळले नाही.

मला पटलेली उदाहरणं याच्या उलट आहेत. जिथे समोरच्याला गोष्टीत स्वतःचं काही असतं.

१९९७ च्या 'फॉलआउट'चा शेवट घ्या. अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात 'मास्टर' नावाचा एक विकृत जीव माणसांना महाकाय उत्परिवर्तित सैनिकांत बदलत असतो. त्याला वाटतं, सगळे एकाच जातीचे झाले की युद्धं संपतील. त्याच्याशी लढता येतं, पण वादही घालता येतो. त्याचे हे नवे जीव वांझ आहेत, त्यांना मुलं होणार नाहीत, याचा पुरावा तुम्ही आधी शोधून आणला असेल तर तो त्याच्यापुढे ठेवायचा. तो ऐकतो. त्याला कळतं, की आपण जे जे केलं ते सगळं व्यर्थ गेलं. तो तुम्हाला जायला सांगतो आणि स्वतःचा शेवट करतो. मी एकही गोळी झाडली नव्हती आणि समोरचा मेला होता. तरी त्या पायऱ्या चढून बाहेर येताना मला विजय झाल्यासारखं अजिबात वाटलं नाही, आणि हेच मला त्या गेमचं मोठेपण वाटतं. त्या गेममध्ये तो माणूस होता. चुकीचा, भयंकर, पण पटवून घेऊ शकणारा.

आणि २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३'. यात जीव न घेता मारायचं एक बटण आहे, टेबलावरच्या आजच्या नियमासारखंच: हातातल्या शस्त्राचा किंवा मुठीचा शेवटचा वार असेल तर समोरचा बेशुद्ध पडतो. बाण किंवा मंत्र मात्र जीव घेतातच, म्हणून शेवटच्या क्षणी जवळ जावं लागतं, आणि तेवढा धोका पत्करावा लागतो. निर्वासितांची कत्तल करायला निघालेली मिन्थारा नावाची एक सेनानी मी अशी आडवी केली आणि तिथेच सोडून निघाले. कित्येक तासांच्या खेळानंतर शत्रूच्या बुरुजात गेले तर ती समोर. हरली म्हणून तिच्याच मालकांनी तिला शिक्षेला उभं केलेलं. माझ्यामुळे हरलेली. आता तिला सोडवायचं की नाही, हे मलाच ठरवायचं होतं. मी बराच वेळ काही न दाबता बसून राहिले. तिला सोडलं तेव्हा काही संपलं नव्हतं, एक नातं सुरू झालं होतं. ती काही गोड नाही, तिने केलेलंही पुसलं जात नाही. पण ती गेमच्या जगात कुठेतरी गेली होती, तिच्यावर काहीतरी गुदरलं होतं.

याच्या शेजारी २०११ चा 'स्कायरिम' ठेवला की वाईट वाटतं. तिथला दरोडेखोर गुडघे टेकून गयावया करतो, शरण आलो म्हणतो. तुम्ही तलवार खाली करता. चार श्वासांत तो उठतो आणि पुन्हा अंगावर येतो. असं पाच-सहा वेळा झालं, की मग हात जोडलेल्यालाही खेळणारा मारून टाकतो. मीही मारलं आहे. शरण आलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्या गेमला शिकवायचं नसेल, पण तो शिकवतो.

यंदा मे महिन्यात भाचा पुन्हा आला, आता अकराचा. त्याने स्वतःहून 'अंडरटेल' मागितला. मी ठरवलं, काही सांगायचं नाही. टोरिएलपाशी त्याने पहिल्यापासून दयाच दाबली, पुन्हा पुन्हा, ओठ घट्ट मिटून. मला वाटलं होतं तोही माझ्यासारखा चुकेल. दोन दिवसांनी तो अंडाइनपर्यंत पोहोचला. राजाच्या पहारेकऱ्यांची ती सरदार, चिलखतातली मासोळी, भाले घेऊन अर्धा खेळ त्याच्या मागे लागलेली. तिच्यासमोर लढायचं नाही, फक्त पळायचं. तो पळाला. पळत पळत लाव्हाच्या प्रदेशात शिरला, आणि तिथल्या उकाड्यात चिलखतासकट तापून ती रस्त्यातच कोसळली.

तो थांबला. शेजारीच पाण्याचा कूलर होता.

"आत्या, हिला पाणी दिलं तर ही उठून परत मारेल?"

"माहीत नाही," मी म्हणाले. मला माहीत होतं.

स्वयंपाकघरातून आई पन्ह्यासाठी हाक मारत होती. त्याने 'आलो' म्हटलं, पण उठला नाही. कूलरपाशी जाऊन कप भरला, परत आला, क्षणभर नुसता उभा राहिला. मग तिच्यावर पाणी ओतलं. अंडाइन उठली. त्याच्याकडे बघत राहिली. आणि काही न बोलता पाठ फिरवून आल्या वाटेने निघून गेली.

तो स्क्रीनच्या त्या कडेकडे बराच वेळ बघत होता, जिथून ती गेली.

"घरी गेली असेल का?" त्याने विचारलं.